दहा वाजायच्या आत वाजवा

मराठी लग्नपत्रिकेइतकी काटेकोर कागदपत्रे सरकारी दप्तरातही सापडत नाहीत. मुहूर्त छापलेला असतो ‘सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटे’. चाळीस नाही, पंचेचाळीस नाही, बेचाळीस. प्रत्यक्षात अक्षता पडतात सव्वाआठला. मधल्या काळात नवऱ्या मुलाचे मित्र नाचून घेतात, मुलीचा मामा कुठेतरी अडकलेला असतो, आणि ते बेचाळिसावे मिनिट कुणाच्या लक्षातही न येता निघून जाते. तेवढ्यावरून लग्न मोडल्याचे ऐकिवात नाही.

न्हावा शेवा बंदर आणि उरणच्या बाजूला हळदीचे मात्र उलटे आहे. हळद किती वाजता सुरू होणार हे कुणी विचारत नाही, विचारले तर ‘या की संध्याकाळी’ एवढेच उत्तर मिळते. पण ती संपायची वेळ देशाच्या कायद्याने ठरवून दिली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद झाले. दहाला पाच कमी असताना मांडवात जो उत्साह असतो तो नऊला नसतो, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पोलिसांची गाडी दिसली की बेसचे डबे आपोआप गप्प होतात.

संगणकशास्त्रात या दोन प्रकारच्या वेळांना दोन नावे आहेत. मुहूर्ताची वेळ म्हणजे ‘सॉफ्ट रिअल-टाइम’: टळली तर वाईट वाटते, काम होते. पोलिसांची वेळ म्हणजे ‘हार्ड रिअल-टाइम’: टळली तर काम झाले नाही असेच धरायचे. हे ज्ञान मला माझ्या भाच्याने दिले. तो दिवसा इथल्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या-रिकामे करायच्या आवारात, सॉफ्टवेअर सांभाळतो. रात्री उलव्याच्या फ्लॅटमध्ये बसून व्हर्च्युअल मशीन बनवतो. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, या उद्योगाचा पत्ता लागला तेव्हा झालेला संवाद मी स्वतः ऐकला आहे.

“मशीन बनवतोस तर दिसत का नाही कुठे?”

“आई, व्हर्च्युअल आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तसं ते नाहीच.”

“मग रात्रभर जागतोस कशासाठी?”

याचे उत्तर शेजारच्या कोळीवाड्यातल्या बेंजो पार्टीकडे आहे. ही पार्टी हळदी, साखरपुडे आणि गणपतीच्या मिरवणुका वाजवते. तिच्यातल्या बेंजोचा अमेरिकेतल्या बँजोशी संबंध नावापुरता. हे वाद्य मूळचे जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटर पाहून तारांच्या पेटीवर तशाच कळा बसवल्या. तिकडे त्याला तैशोगोतो म्हणतात. आपल्याकडे येऊन तो बुलबुलतरंग झाला, मुंबईच्या गल्ल्यांत बेंजो झाला, आणि २०१६ साली रवी जाधवांनी रितेश देशमुखला घेऊन त्याच्या नावाचा आख्खा हिंदी सिनेमा काढला. सांगायचे एवढेच की कचेरीतले यंत्र उचलून वरातीत नाचवण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. भाचा तीच पुढे चालवतो आहे, फक्त त्याला भांडवल मिळत नाही.

पार्टीत बेंजोच्या शेजारी ऑक्टोपॅड असतो. रोलँड कंपनीने १९८५ साली पहिला काढला: रबराचे आठ चौकोन, काठीने हाणायचे. एका चौकोनात हलगी, एकात ढोलकी, एकात संबळ, एकात ताशा. पूर्वी ज्या कामाला टेम्पोभर माणसे लागत ते आता एका स्टँडवर मावते, आणि उरलेल्या माणसांची बिर्याणी वाचते. पॅडवाला मूळचा ढोलकीवाला. दिवसा तो बंदरात ट्रेलर चालवतो. त्याची तक्रार अशी की तयार टोन ऐकून खरी ढोलकी लाजेल. हलके मारले तरी तीच थाप, जोरात मारले तरी तीच, फक्त मोठी. भराभर मारले तर ढोलकीऐवजी मशिनगन. माणूस एकसारख्या दोन थापा मारूच शकत नाही, आणि यंत्र दुसरे काही मारू शकत नाही.

त्याला हवे होते ते साधे होते. हलकी थाप आली तर ‘ना’ वाजव, जड आली तर ‘धा’. लागोपाठ आली तर दर वेळी वेगळे रेकॉर्डिंग काढ. असे नियम लिहून काढले की त्याला स्क्रिप्ट म्हणतात. वाद्याला नियम शिकवण्याची ही कल्पना भाच्याची नव्हे. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने ‘कॉन्टॅक्ट’ या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये २००५च्या सुमारास अशी स्वतंत्र भाषाच घातली, आणि आज सिनेमात ऐकू येणारी पुष्कळशी व्हायोलिने अशा स्क्रिप्टवर वाजतात. भाच्याने फक्त भाषा मराठी केली. ‘थाप आली की’, ‘जोर १०० पेक्षा जास्त असेल तर’, ‘वाजव’, ‘थांब’. पॅडवाल्याने ती वाचून एकच दुरुस्ती सुचवली. ‘वाजव’च्या जागी ‘वाजीव’ पाहिजे. ती मान्य झाली.

आता ही स्क्रिप्ट चालवायची कशी? लिहिलेली वाक्ये दर थापेला पहिल्यापासून वाचत बसले तर वरात पुढच्या गावात पोहोचेल. म्हणून ती एकदाच वाचून तिचे बारीक बारीक सूचनांत रूपांतर करतात. ‘जोर १०० पेक्षा जास्त असेल तर’ याचे होते: जोर ठेव, १०० ठेव, तुलना कर, खोटे निघाले तर सात घरे पुढे उडी मार. प्रत्येक सूचनेला एक आकडा. अशा आकड्यांची रांग जे समजते आणि पाळते ते व्हर्च्युअल मशीन. लोखंड नाही, गिअर नाही, ग्रीस नाही, तरी यंत्र आहे.

‘पण मधे हा दलाल कशाला? सरळ प्रोसेसरलाच सांग की,’ असे मी म्हटले. भाच्याने मला खिडकीशी नेले आणि बंदराच्या दिशेने बोट दाखवले. बंदराच्या दाखल्याशिवाय त्याला काही समजावताच येत नाही, पण हा दाखला मला पटला. जहाजातून कंटेनर धक्क्यावर उतरला म्हणजे माल देशात आला असे नसते. बिल ऑफ एंट्री भरायचे, तपासणी व्हायची, शुल्क भरायचे, आणि कस्टम्सने ‘आउट ऑफ चार्ज’ दिला की मग तो माल खरा आत. तोवर तो उरण तालुक्यात उन्हात तापत असला तरी कायद्याच्या नजरेत उंबऱ्यावरच उभा. व्हर्च्युअल मशीनमधली स्क्रिप्ट अशीच उंबऱ्यावर असते. तिला आखून दिलेली जागा मिळते, त्या जागेबाहेर पाय टाकता येत नाही. तिला वापरायला चाळीसएक सूचना मिळतात. त्यांत बेरीज आहे, तुलना आहे, ‘वाजीव’ आहे. ‘फाइल उघड’ नाही, ‘इंटरनेटवर जा’ नाही. पॅडवाल्याच्या मेव्हण्याने कुठूनतरी आणलेली स्क्रिप्ट कितीही बिघडलेली असो, ती फार तर बेसूर वाजेल, ज्या पेटीवर ती चालते ती बंद पाडणार नाही. अनोळखी प्रोग्रॅम थेट घरात शिरला की काय होते हे न्हावा शेव्याला वेगळे शिकवावे लागत नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने मर्स्क कंपनीचे जगभरचे संगणक आडवे केले, तेव्हा त्यांचे इथले गेटवे टर्मिनलही ठप्प झाले होते.

इथवर मला वाटत होते की आता यंत्र जोरात पळवले की झाले. इथेच माझ्यासारख्या सर्वसामान्य माणसाची गफलत होते, आणि ती भाच्याने फार आनंदाने उघड केली.

आवाज म्हणजे संगणकाच्या लेखी आकडे, सेकंदाला ४८,००० आकडे. ते १२८-१२८च्या गठ्ठ्यांनी साउंड कार्डाला द्यायचे. म्हणजे सेकंदाला ३७५ गठ्ठे, प्रत्येकाला साधारण २.७ मिलिसेकंद. गठ्ठा वेळेवर पोहोचला नाही तर कार्ड थांबत नाही, त्याच्यापाशी जे असेल ते, नाहीतर काहीच नाही, वाजवते. बाहेर ‘टर्र’ ऐकू येते. नऊ ते दहा अशी तासभर हळद वाजवायची तर साडेतेरा लाख गठ्ठे. त्यातले साडेतेरा लाख वजा एक वेळेवर दिले तरी वराची आत्या विचारणार, ‘तो मधेच कसला आवाज आला?’

सरासरी इथे कामाची नाही. आजकालच्या प्रोसेसरवर २.७ मिलिसेकंदांत असल्या लाखभर सूचना सहज उरकतात, आणि पॅडवाल्याच्या स्क्रिप्टला शे-दीडशेच लागतात. वेगाचा प्रश्न कधीचा सुटला आहे. प्रश्न आहे तो नेमक्या वाईट क्षणी काय होईल याचा. आपण आयुष्यभर सरासरीवर जगतो. उरण लोकल बहुतेक वेळा वेळेवर असते, पाऊस सरासरीइतका होतो, आणि सहामाहीचे गुण वार्षिक परीक्षेत भरून निघतात. भाच्याच्या जगात बहुतेक वेळा वेळेवर येणे म्हणजे उशिरा येणे.

म्हणून त्याचे सगळे डिझाइन ‘करू नये’ या एका क्रियापदावर उभे आहे. वाजवताना नवी मेमरी मागू नये, कारण ती लगेच मिळेलच असे नाही. जी लागेल ती वाजवणे सुरू व्हायच्या आधीच घेऊन ठेवायची. कॉन्टॅक्टच्या भाषेतही सगळी चले, म्हणजे व्हेरिएबल, सुरुवातीलाच जाहीर करावी लागतात आणि यादी किती लांब हेही तिथेच सांगावे लागते. वाजवताना डिस्कला हात लावू नये. आणि कचरा काढू नये. जावासारख्या भाषांत वापरून झालेली मेमरी झाडून काढणारा एक कामगार असतो. तो मनाला येईल तेव्हा खराटा घेऊन येतो आणि तेवढा वेळ सगळ्यांना थांबायला लावतो. बँकेच्या प्रोग्रॅममध्ये हे कुणाला कळत नाही. ‘टर्र’ मात्र सगळ्यांना कळते.

कुलूपही लावू नये. दोन कामांना एकच वस्तू हवी असली की एकाने कुलूप लावायचे आणि दुसऱ्याने वाट पाहायची, ही प्रोग्रॅमरांची जुनी पद्धत. पण पडद्यावर दिवे चमकवणाऱ्या कामाने कुलूप लावले, आणि त्याला तिसऱ्याच कामाने बाजूला सारले, तर आवाजाचे महत्त्वाचे काम दाराशी उभे राहते. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात नेमके हेच झाले. महत्त्वाचे काम बिनमहत्त्वाच्या कामापायी अडले आणि यानाचा संगणक पुन्हा पुन्हा स्वतःला रिसेट करत राहिला. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवावी लागली. त्यांच्याकडे निदान नासा होती. मांडवात ‘मामा, जरा मोबाइलचा टॉर्च धरता का’ एवढीच सोय.

आणि एक गंमत मला अजून खरी वाटत नाही, पण आहे. थाप मारल्यावर आवाज विरत जातो, म्हणजे आकडे लहान होत जातात. इतके लहान होतात की शून्याच्या अगदी शेजारी जाऊन बसतात, पण शून्य होत नाहीत. पुष्कळशा प्रोसेसरांना असले आकडे हाताळायला नेहमीपेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे दणदणाट चालू असताना यंत्र मजेत, आणि ऐकू येणार नाही इतकी शांतता झाली की त्याला धाप. उपाय असा की ठरावीक मर्यादेखाली आकडा गेला की त्याला सरळ शून्य म्हणायचे. नोकरशाहीत हा उपाय फार पूर्वीपासून वापरात आहे.

‘थांब’ या सूचनेचा तर स्वतंत्र अध्याय आहे. पॅडवाला लिहितो: ‘धा वाजीव, अर्धी मात्रा थांब, ना वाजीव.’ पण यंत्राने खरेच अर्धी मात्रा थांबायचे नाही, नाहीतर गठ्ठे कोण देणार? फक्त ती स्क्रिप्ट झोपते. मशीन तिच्या उशाशी वेळ लिहून ठेवते आणि नेमक्या त्या आकड्यावर, ४८,००० पैकी त्याच एकावर, तिला उठवते. ही युक्ती भाच्याने ‘चक’ नावाच्या भाषेवरून घेतली. प्रिन्स्टन विद्यापीठात गे वांग आणि पेरी कुक यांनी ती तयार केली, आणि तिचे स्वतःचे व्हर्च्युअल मशीन आहे. १९५७ साली बेल लॅबच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून १७ सेकंदांचे संगीत काढून घेतले तेव्हा ही चिंता नव्हती. आधी आकडे काढायचे, टेपवर भरायचे, सवडीने ऐकायचे. तिथे नाचायला कुणी थांबले नव्हते.

पहिली चाचणी कोळीवाड्यातल्या देवळामागे झाली. पॅडवाल्याने दोन थापा मारल्या आणि काठ्या खाली ठेवल्या. “नाय रं दादूस. यो हाताच्या मागं येतंय.” भाच्याने लॅपटॉप उघडून मोजले. गठ्ठा चुकून ५१२चा राहिला होता, म्हणजे जवळजवळ अकरा मिलिसेकंदांचा उशीर. ज्या माणसाने आयुष्यात मिलिसेकंद हा शब्द उच्चारला नव्हता त्याने तो बोटांनी पकडला. गठ्ठा १२८चा केला. पुन्हा दोन थापा. “आता हाताखाली हाय.” भाच्याच्या मते हे प्रमाणपत्र कुठल्याही विद्यापीठाच्या तोडीचे आहे. मग पॅडवाल्याने जीव खाऊन एक थाप मारली आणि पडद्यावरचा आकडा पाहिला: १२७. आणखी जोरात मारली: १२७. तिसरीला काठीचे टोक उडाले: १२७. मिडी नावाची वाद्यांची आंतरराष्ट्रीय बोली १९८३ साली ठरली, त्यात रोलँडचे काकेहाशी आणि सिक्वेन्शलचे डेव्ह स्मिथ ही स्पर्धक मंडळी एकत्र बसली, आणि माणसाच्या जोराला ० ते १२७ अशी मर्यादा घालून मोकळी झाली. त्यांनी उरण तालुक्यातली हळद पाहिलेली नसणार.

प्रत्यक्ष हळदीत यंत्राने काही चूक केली नाही, हे आधीच सांगतो. बाकीच्यांनी केली. साउंडवाल्याने मुख्य डबे मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, दहा मीटरवर लावले. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटरला लागले एकोणतीस मिलिसेकंद. भाच्याने रात्री जागून वाचवलेले आठ मिलिसेकंद साउंडवाल्याने एका दोरीच्या टोकाला बांधून टाकले. सुदैवाने पॅडवाल्यापाशी वेगळा मॉनिटर स्पीकर होता, आणि नाचणाऱ्यांना ठरलेल्या उशिराचे काही वाटत नाही. दर वेळी तेवढाच उशीर असेल तर माणूस त्याला वेळ म्हणू लागतो. कमी-जास्त होणारा उशीर सहन होत नाही. नंतर थोरले जावई आले आणि त्यांनी नवा ब्लूटूथ स्पीकर पुढे केला, ‘हा पण जोडा.’ ब्लूटूथचा उशीर शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज. म्हणजे इकडे धा झाला की तिकडे मागचा ना. जावयाला नाही म्हणायची सूचना त्या चाळीसएक सूचनांत नव्हती. स्पीकर जोडला, आणि आवाज शून्यावर ठेवला. जावई तृप्त.

वेळ टळल्यावर आलेले बरोबर उत्तर चूक धरायचे, हा नियम माणसांनी यंत्रांना फार चटकन लावला. स्वतःला लावला नाही. २६ मे १९८९ ला हे बंदर सुरू झाले, त्याच्या आधीच शेवा कोळीवाडा उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि नीट पुनर्वसन मिळावे म्हणून गावकरी पुढची कित्येक दशके झगडत राहिले. जमिनी गेलेल्यांना द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची वाट पाहता पाहता अर्ज करणारे गेले, त्यांची नातवंडे पाठपुरावा करू लागली. २.७ मिलिसेकंद चुकले तर आत्या विचारते. चार दशके चुकली तर फाइल विचाराधीन असते. हे मी भाच्याला म्हटले तेव्हा तो म्हणाला, “मामा, तिथे कुणाला ‘टर्र’ ऐकूच येत नाही, तोच प्रॉब्लेम आहे.” गठ्ठा चुकला की लगेच बोंब व्हावी अशी सोय त्याने यंत्रात मुद्दाम ठेवली आहे: एक लाल दिवा लागतो आणि आकडा वाढतो. त्या रात्री आकडा शून्य होता. कार्यक्रम सुरू झाला नऊ वाजून दहा मिनिटांनी, कारण हळद दळणारीला उशीर झाला. संपला बरोबर दहाला.

तेव्हा या भागात हळदीची सुपारी देणाऱ्या यजमानांना विनंती आहे. पेटीला वीज वेगळ्या पॉइंटवरून द्या, पाण्याच्या मोटारीच्या लाइनवरून नको. डबे पार्टीच्या जवळ लावा. जावयाचा स्पीकर ओटीवर मानाने ठेवा, त्याला हार घाला, पण जोडू नका. आणि कृपा करून साडेसातला सुरुवात करा. पॅडवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बंदराच्या गेटवर ट्रेलर लावायचा असतो.